मामाच्या हातचा घास

आज सकाळी नथ्थूजी माझ्या खोलीवर आले आणि कुंकवात भिजवलेल्या चार अक्षता माझ्या तळहातावर ठेवून गेले. त्या आता टेबलावर शरीरशास्त्राच्या पुस्तकावर पडल्या आहेत. कुंकू वाळून पुस्तकाच्या कव्हरावर लाल डाग पडला आहे. मी वाचायला बसतो आणि त्या डागाकडेच पाहत राहतो.

मार्गशीर्ष लागला, हे वर्ध्याला कॅलेंडर पाहून कळत नाही. पहाटे अंथरुणातच कळतं. कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यावरून सरकू लागते, बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजतात, मग सरकी काढणाऱ्या जिनाचा भोंगा होतो. बाहेर पडावं तर कडेच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकलेले असतात. सगळ्या गावाला सरकीचा तेलकट वास येतो. माझ्या वर्गातल्या मुलांना हा वास नकोसा होतो. मला तो नाकात शिरला की भूक लागते, आणि भूक लागली की थोडी लाज वाटते. ती का, ते आज लिहायचं आहे. मला नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. मनातलं कागदावर कसं उतरवायचं, हे सांगणारं घरात कुणी नव्हतं.

नथ्थूजी माझ्या गिरजाताईच्या सासरच्या गावचे. गाव जामपासून दोन कोस आत आहे. तिकडच्या गाड्या हिंगणघाटला जातात, पण नथ्थूजींची लेक वर्ध्यात दिलेली आहे. कापूसही विकून होतो, लेकीची भेटही होते, म्हणून ते इकडे येतात. आज दारातूनच हाक मारली.

"मामा! हायेस का अंदर?"

मी त्यांचा कुणाचाच मामा नाही. पण त्या गावात मला सगळे मामाच म्हणतात.

"तयारी ठेवजो," खाटेवर बसत ते म्हणाले. "नातवाचं उष्टावण करतो म्हणतो. सुनेले भाऊ नाई, तुले ठाऊक हाये. मानलेला मामा कोण करावा, त मी म्हटलं, दुसरा कायले पायजे? गिरजाबाईची पोट्टी ज्याच्या हातानं जगली, त्याचाच हात लागू द्या."

"काका, पण माही परीक्षा..."

"मालूम हाये मले. चैत्रात सुटशीन ना तू? तवा पोट्टं दहाव्यात राहीन. पोराले सम महिना पायजे, दहावा समच हाये. घाई नाई गा. आमी थांबतो."

"आता काय खाते तो?"

"आईचं दूध पेते. आखीन काय?" ते हसले. "अन्न त मामाच देईन ना."

उद्या सकाळी बाजारात येऊन उत्तर देतो, असं मी म्हटलं. उत्तर काय द्यायचं आहे, हे त्यांना कळेना. मामाला अक्षत दिली की मामा येतो. ते अक्षता ठेवून निघून गेले आणि "आमी थांबतो" एवढे दोनच शब्द खोलीत राहिले. किती मायेनं म्हणाले होते ते. मला त्या दोन शब्दांची भीती वाटते.

*

आमच्याकडे लेकराचा अन्नाचा पहिला घास मामाच्या हातचा असतो. मामा वाटी घेऊन येतो, खीर भरवतो, लेकराला मांडीवर घेऊन बसतो. तोवर लेकराच्या तोंडात अन्न जात नाही. दूध चालतं, पाणी चालतं. भाताचं शीत चालत नाही. मुलाला सम महिना लागतो, मुलीला विषम. पाचवा चुकला तर सातवा, सातवा चुकला तर नववा. एक महिना हुकला की मुलगी आणखी दोन महिने मागं पडते. मी लहानपणापासून हे ऐकत आलो आणि मला ते गोड वाटत आलं. भावाची आठवण राहावी म्हणून कुणीतरी केलेली सोय असेल ती. पण मामा आलाच नाही तर काय, याचं उत्तर त्या सोयीत नाही.

चार वर्षांपूर्वी मी वर्ध्याला बोर्डिंगात राहून मॅट्रिकचा अभ्यास करत होतो. ताईची पहिली मुलगी त्या वर्षी माघात आमच्या घरी, हिंगणीजवळच्या आमच्या गावी जन्मली. बारशाला सासरची माणसं आली. बाबांनी सगळ्यांना उपरणी दिली, फक्त ताईच्या सासऱ्यांच्या एका चुलत भावाला द्यायचं राहिलं. मुद्दाम नव्हे, एक उपरणं कमी पडलं, इतकंच. पण पुरणपोळी पानावर ठेवून सासरची माणसं उठली. तिसऱ्या महिन्यात त्यांची गाडी येऊन ताईला आणि लेकराला घेऊन गेली, आणि दोन्ही घरांमधलं बोलणं थांबलं.

पाचवा महिना ज्येष्ठात आला. बाबा म्हणाले, "बोलावणं आलं त वामन जाईन." तिकडे ताईचे सासरे म्हणाले, "मामाले भाची पाह्याची हाये त त्यानं यावं, आमी कायले बोलावावं?" पेरणीच्या धांदलीत ज्येष्ठ गेला. सातवा श्रावणात आला. माय म्हणाली, राखीला तरी पोराला जाऊ द्या. बाबा काही बोलले नाहीत, आणि आमच्या घरी बाबा बोलले नाहीत म्हणजे नाही. नववा अश्विनात आला; दसऱ्याचं सोनं वाटायलाही कुणी कुणाकडे गेलं नाही. दोन्हीकडे चांगली माणसं होती. दोन्हीकडे धान्याच्या कणग्या भरलेल्या होत्या. हे मी मुद्दाम लिहितो, कारण लेकरू वाळलं म्हटलं की लोकांना वाटतं, घरात दाणा नसेल. दाणा होता. ज्वारी होती, तूर होती, गूळ होता. फक्त लेकराच्या तोंडापर्यंत जाणारी वाट एका उपरण्यानं अडवली होती.

आणि लेकराची आई? सुगीतल्या घराचा दिवस मी पाहिलेला आहे. आमचं घरही तसंच. आधी गडीमाणसं जेवतात, मग मुलं, मग सासू, आणि सून शेवटी, भांड्याच्या तळाशी जे असेल ते. गाय व्याली की तिला ढेप मिळते, सरकी मिळते, कोवळा चारा मिळतो. दूध वाढलं पाहिजे, हे घरातलं शेंबडं पोरही सांगतं. ताई पहाटे अंधारात वेचणीला जायची, उन्हं कलल्यावर यायची, आणि तिच्या दुधाचं काय होतं हे विचारणारं कुणी नव्हतं. त्यात तिला पुन्हा दिवस गेले होते. गाईला काय द्यावं ते कळतं आणि बाईला काय द्यावं ते कळत नाही, म्हणून दिलं जात नाही, असं मी म्हणणार नाही. कळतं सगळ्यांना.

*

हे मला चंद्रभागाबाईंनी सांगितलं. त्या नथ्थूजींच्या बायको. गेल्या वर्षी तापानं गेल्या. त्या असत्या तर आजच्या अक्षता माझ्यापर्यंत आल्याच नसत्या. चार वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात त्या गाडीबरोबर वर्ध्याला आल्या आणि मला शोधत बोर्डिंगच्या फाटकापाशी उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर, पदरावर कापसाचे तंतू.

"तू गिरजेचा भाऊ ना?"

"हाव."

"बुकं वाचतं म्हणे तू. शायना मामा, अन् भाची उपाशी! पाह्यली का तिले? हातपाय काड्या झाले, पोट तेवढं पुढं आलं. रडाचीबी ताकद नाई राह्यली. तिची आजी म्हणते, मुडदूस हाये, कोणाची नजर लागली. मी म्हणतो, नजर नाई लागली, कोणाची नजरच गेली नाई तिच्यावर!"

मी काहीतरी पुटपुटलो. बाबांना विचारतो, असं म्हणालो असेन.

"विचार बाप्पा, विचार," त्या म्हणाल्या. "अकरावा चालू हाये, अवसेले सरते. अमावस्येलोक विचारून घेजो."

हिंगणी वर्ध्यापासून काही लांब नाही. एका दिवसात पायी जाऊन मी बाबांसमोर उभा राहू शकलो असतो. मी कार्ड टाकलं. कार्डाला बाबांच्या डोळ्यांत पाहावं लागत नाही. उत्तर यायला अकरा दिवस लागले. शाळेतल्या गुरुजींच्या वळणदार अक्षरात बाबांनी लिहवून घेतलं होतं, 'बोलावणे आल्यावाचून जाऊ नये. अभ्यास करावा.'

मी अभ्यास केला. खरंच केला, कार्ड घडी करून वहीत ठेवलं आणि भूमिती सोडवली. रात्री खानावळीत जेवायला बसलो. वाढणाऱ्या महाराजांनी विचारलं, "तिसरी वाढू?" आणि तव्यावरची फुगलेली भाकर माझ्या ताटावर धरली. मला हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. ते भाकर धरून उभे होते. त्या दिवशी मला कळलं की मी अकरा दिवस रोज दोन वेळा जेवलो होतो.

सकाळी मेसमधली माझी पितळेची वाटी मी पिशवीत टाकली, पावशेर तांदूळ आणि साखर घेतली, आणि सर्व्हिसच्या मोटारीत बसलो. बाबांना कळवलं नाही. मी फार धीट होतो, असा अर्थ काढू नये. जामला उतरेपर्यंत मी दोनदा परत फिरायचं ठरवलं होतं.

*

वेचणीच्या शेताचा एक आवाज असतो. शेकडो बोंडांतून कापूस सुटताना बारीक कुरकुर होते, आणि त्यात बायकांच्या बांगड्या. उमललेल्या बोंडाची टोकं वाळून काट्यासारखी होतात. वेचणाऱ्या बाईची बोटं नखांच्या मुळाशी चिरलेली असतात. मधल्या ओळींत तुरीला पिवळा फुलोरा आलेला होता. जामहून दोन कोस चालून मी ताईच्या सासरच्या शेतात पोचलो, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि बायका ओळीनं वेचत होत्या, कमरेच्या ओट्या कापसानं फुगलेल्या. लांबून पाहिलं तर सगळ्याच गरोदर वाटाव्यात.

बांधावरच्या कडुनिंबाला झोळी बांधली होती. मी आत डोकावलो. माझ्या मनात बारशाला पाहिलेलं गुबगुबीत लेकरू होतं, म्हणून आधी वाटलं, ही दुसऱ्या कुणाची झोळी. डोकं मोठं, केस तांबूस आणि विरळ, चेहरा म्हाताऱ्या माणसासारखा. ती जागी होती. माझ्याकडे पाहत होती, पण रडत नव्हती, हसत नव्हती.

"कोण, वामन?" ताई धावत आली. "कसा आला रे तू? घरी सर्व बरं हाये ना?"

"हिच्यासाठी आलो."

तिनं माझ्या पिशवीतून डोकावणारी वाटी पाहिली.

"बोलावणं आलतं?"

"नाई."

"बाबांनी धाडलं?"

"नाई."

ती हसली. इतक्या महिन्यांनी पाहिलेलं तिचं ते हसू मला अजून दिसतं. "मंग त तू खराच मामा झाला रे!"

मी म्हटलं, चल, घरी जाऊ, आजच्या आज खीर करू. ताई खाली बसली, शिदोरीचं फडकं सोडलं, भाकरीचा मऊ पापुद्रा काढून तुरीच्या वरणात कुस्करला आणि मुलीच्या ओठांशी नेला. आणि त्या म्हाताऱ्या चेहऱ्यात एकदम लेकरू आलं. तिनं तोंड उघडलं.

शेजारच्या ओळीतली एक बाई म्हणाली, "अवं, त्याच्यासमोर नको वो!"

"आता कायले लपवतं?" पलीकडून चंद्रभागाबाईंचा आवाज आला. "तो घरचाच हाये. अन् मीच त कान धरून आणला त्याले."

"आठ दिस झाले," ताई खाली मानेनं म्हणाली. "पह्यल्या दिशी थुकलं तिनं. दुसऱ्या दिशी ढाळ लागले. मले वाटलं, रीत मोडली, शाप लागला. चंद्रभागाबाई म्हणे, शाप नाई वो, आतडं खाणं विसरलं हाये, थोडं थोडं दे."

आठ दिवस ती वेचणीची सगळी ओळ हे जपत होती. ताईचे सासरे बांधावर दिसले की कडेची बाई खोकायची, तिच्या शेजारची खोकायची, आणि तो खोकला ओळीतून चालत ताईपर्यंत यायचा. मग शिदोरीचं फडकं बंद. त्या बायकांतल्या एकीलाही लिहिता येत नव्हतं. मी रोज दिव्याखाली वाचत बसत होतो.

"पण दुपारचा एकच डाव साधते," ताई म्हणाली. "घरी गेलं का मंग सकाळलोक काई नाई. चोरीच्या घासानं लेकरू जगते का रे? घरातलं दूध पायजे, भात पायजे, दिसातून चारदा पायजे. मले ते उघड पायजे, वामन."

*

संध्याकाळी अंगणात काटा लावलेला होता. प्रत्येकीचं गाठोडं पारड्यात चढत होतं आणि ताईचा नवरा वजनं टाकत होता. सासरे बाजेवर बसले होते. मी पाया पडलो.

"या मामासाहेब," ते म्हणाले. "बोलावणं नसतानी आले?"

मी पिशवीतून वाटी काढून हातात धरली. सासूबाईंच्या चेहऱ्यावर आनंद आला, आणि लगेच त्यांनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं आणि तो मावळला.

"अवं माय! अवस त काल झाली ना. अकरावा काल सरला. आजपासून पूस लागला, त्यात बारावा. आता माघातच घास देता येते."

काल. मी खानावळीत बसून तिसऱ्या भाकरीला काय उत्तर द्यावं याचा विचार करत होतो, तेव्हा अकरावा महिना संपत होता. माझं एक कार्ड आणि माझे अकरा दिवस.

"आता काय घाई हाये?" सासरे शांतपणे म्हणाले. त्यांच्या मनात खोट नव्हती. "अकरा महिने थांबलो, आखीन एक थांबू. आमी थांबतो."

मी मान हलवली. हे लिहायला मला जड जातं, पण मी मान हलवली. वाटी पिशवीत परत ठेवायला लागलो.

ताईचं गाठोडं पारड्यात होतं. तीन पासऱ्या, म्हणजे पंधरा शेर भरलं. तिनं पुढं होऊन ते खाली ओढलं, आणि कडेवरची मुलगी त्या रिकाम्या पारड्यात ठेवली.

"हिले मोजा."

"पागल झाली का?" सासूबाई ओरडल्या. "लेकराले कोणी मोजते का? दृष्ट लागन!"

"लागाले काई बाकी हाये का तिच्यावर?" ताई नवऱ्याकडे वळली. "मोजा."

त्यानं बापाकडे पाहिलं, मग मुलीकडे. मग वाकून दुसऱ्या पारड्यातली वजनं काढली आणि एकच पासरी ठेवली. पासरी खाली गेली. मुलगी वर गेली, हलक्या फुलासारखी, आणि पारड्याची दोरी धरून इकडेतिकडे पाहू लागली.

"पासरीबी नाई," तो पुटपुटला.

"तीन पासऱ्या कापूस वेचला मी आज," ताई म्हणाली. "अन् अकरा महिन्यांत हे. तेरावा येईन तवा मोजाले काई उरन का?"

तिनं मुलीला उचललं, माझ्या हातातली वाटी घेतली, अंगणातल्या चुलीवरचं वरण त्यात ओतलं, भाकर कुस्करली आणि तिथंच, कापसाच्या ढिगाला टेकून बसली. सगळ्यांच्या देखत. पहिला घास मुलीनं घेतला. दुसराही घेतला. सासूबाई पुढं वाकून पाहत होत्या. अकरा लेकरं हाताखालून गेलेली बाई ती; पहिला घास घेणारं लेकरू असं खात नाही, हे तिच्याच ध्यानात आलं.

"हे त चावून राह्यली!"

"हाव," ताई म्हणाली. तिचा हात थांबला नाही. "आठ दिसांपासून चारून राह्यली मी तिले. शेतात."

सासरे बाजेवरून उठले. काय झालं असतं, कुणास ठाऊक. त्याआधी चंद्रभागाबाई पुढं आल्या. डोक्यावरचं गाठोडं धप्पकन खाली टाकलं. त्यांच्या मागं बाकीच्या बायका उभ्या राहिल्या.

"आमी बी सगळ्या होतो पाटील. कोणाकोणाले हाकलता, हाकला. कापूस शेतात उभा हाये, मोती सांडल्यावानी. तुमचा तुमी वेचजा."

सासऱ्यांनी एकेकीकडे पाहिलं. मग सासूबाई उठल्या. सगळ्यांना वाटलं, आता त्या वाटी हिसकावतात. त्या आत गेल्या. बाहेर आल्या त्या मुठीत गुळाचा खडा घेऊन, आणि ताईसमोर बसून त्यांनी तो बोटानं वाटीत चुरला.

"कोरडं काऊन चारतं लेकराले?" त्या म्हणाल्या. "अन् त्या भाकरीवर तूप टाक थोडं."

मी त्या वेळी काय करत होतो? मी तांदूळ-साखरेची पिशवी धरून उभा होतो.

*

पुढं गोष्ट बदलली. ती कुणी बदलली, सांगता येत नाही; अशा गोष्टी आपोआप बदलतात. सासरे म्हणाले, मामाची वाटी आली म्हणजे मामाच आला, रीत झाली. बाबांना कळलं, तेव्हा ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, पोरानं घराचा मान राखला. चार दिवसांनी दोन्ही घरं एका पंगतीला बसली. मला टोपी आणि उपरणं मिळालं. मी ते घेतलं. वर्षभरात सगळ्या गावात झालं की वामनमामानं वेळेवर येऊन आपल्या हातानं घास दिला आणि मरत असलेली पोट्टी उठून बसली. वामनमामाचा हात लागतो, म्हणे.

टोपी माझ्या पेटीत आहे. मी ती कधी घातलेली नाही, पण परतही केलेली नाही.

ताईची ती मुलगी, सुशीला, आता पाच वर्षांची होईल. बडबडी आहे, बोरं खाऊन बिया माझ्या खिशात टाकते. पण तिच्या वयाच्या मुलींत उभी राहिली की त्यांच्या खांद्याइतकीच भरते, आणि पळापळीत शेवटी राहते. गुडघे आत वळतात तिचे. ते अकरा महिने तिला कुणी परत दिले नाहीत. गूळ-तूप पुष्कळ दिलं. त्यानं ती जगली, पण गेलेले महिने भरून आले नाहीत.

माझ्या पुस्तकात अन्नातल्या घटकांचा तक्ता आहे. कशानं हाड बनतं, कशानं रक्त, सगळं लिहिलेलं आहे, आणि मी ते पाठ करतो, कारण ते खरं आहे. पण कुठल्या घरात घास कुणाची वाट पाहत थांबतो, ते त्यात नाही. सून शेवटी का जेवते, ते नाही. लोक म्हणतात, पोराचं नशीब, सटवाईनं लिहिलेलं. मी हे मानायला तयार नाही. सटवाई बाजेवर बसून उपरणी मोजत नव्हती. आमची माणसं मोजत होती. माझे बाबा मोजत होते आणि मी कार्ड टाकून वाट पाहत होतो. जे माणसांनी अडवलं ते माणसांनी सोडवलं पाहिजे, आणि ज्यांनी सोडवलं त्यांची नावं सांगितली पाहिजेत. म्हणून हे नाव घालून लिहितो. घास गिरजाताईनं दिला. चंद्रभागाबाईंनी आणि वेचणीच्या ओळीनं दिला. मी दिला नाही.

*

हे एवढं लिहून काल रात्री दिवा मालवला. आज उजाडताच अक्षता पुडीत बांधल्या आणि कापूसबाजारात गेलो. नथ्थूजींची गाडी नुकतीच रिकामी झाली होती. ते बैलांना पाणी पाजत होते.

"काका, मी चैत्रात येत नाई."

"काऊन गा? परीक्षा पुढं गेली?"

"परीक्षेसाठी नाई. त्या पोट्टीले मी चारलंच नाई काका. ताईनं चारलं. मी नुसती वाटी आणली होती, अन् तेही एक दिस उशिरा."

त्यांनी बादली खाली ठेवली. मला वाटलं, त्यांना धक्का बसेल.

"मालूम हाये मले," ते म्हणाले. "माही बायको होती ना त्या अंगणात."

"मंग?"

"मंग काय? माणसाले रीत लागते गा." ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "अन् सूनबाईले भाऊ नाई. तिले वाटू नये, आपल्या लेकराले मामा नाई म्हणून."

मी खिशातली पुडी चाचपली. कॉलेजात गेलं की सगळ्यांना उत्तरं देता येतात असं गावाला वाटतं. तसं होत नाही.

"आता नातू कितव्यात हाये?" मी विचारलं.

"सहाव्यात."

"सहावा समच हाये ना काका?"

त्यांचे ओठ हलले, दोन, चार, सहा. मग त्यांच्या सुरकुत्यांत हसू पसरू लागलं.

"अन् विषम असता तरी मी हेच म्हटलं असतं," मी म्हणालो. "पोचल्या पोचल्या चारा. जे शिजलं असन ते मऊ करून. सूनबाईच्या हातानं. अन् आधी तिले जेवू घाला, सगळ्यांच्या आधी, गरम."

"लोक काय म्हणतीन?"

"म्हणा, मामानं सांगितलं. मामा म्हणून अक्षत दिली ना मले? त मामाचा शब्द हाये हा. थांबायचं नाई."

मी पुडी त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती उघडून पाहिली, कपाळाला लावली आणि बंडीच्या खिशात ठेवली. मग बैल जुंपले.

गाडी रांगेतून बाहेर पडली. येताना कापसानं लादलेली होती म्हणून बैल पावलापावलानं आले होते; आता नथ्थूजी उभे राहून हाकत होते आणि रिकामी गाडी खडखडत पळत होती. बाभळींवरचा कापूस तिच्या वाऱ्यानं हलला. मी वाट मोजली. उद्या सकाळी चुली पेटायच्या वेळेला गाव येईल.